संघराज्य की केंद्रीकृत सरकार: दिलेली पॉवर परत घेता येते का, एवढं विचारा

फ्रान्समध्ये अल्सास नावाचा एक प्रदेश होता, जर्मनीला अगदी खेटून, स्वतःची बोली असलेला, काही बाबतीत स्वतःचे जुने कायदे अजून चालवणारा. १ जानेवारी २०१६ ला तो शेजारच्या दोन प्रदेशांसोबत एकत्र केला गेला आणि तिघांचा मिळून एक मोठा नवा प्रदेश झाला. कारण काय, तर पॅरिसच्या संसदेने कायदा करून युरोपातल्या फ्रान्सचे २२ प्रदेश १३ वर आणले. अल्सासमध्ये लोक रस्त्यावर उतरले, पण त्यांना विचारायची कायद्याने गरजच नव्हती, त्यामुळे कोणी विचारलंही नाही.

आता ऱ्हाईन नदी ओलांडून जर्मनीत या. तिथे १९९६ मध्ये बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग ही दोन राज्यं एक करायचं ठरलं होतं. बर्लिन हे ब्रांडेनबुर्गच्या पोटातच आहे, चारही बाजूंनी वेढलेलं, त्यामुळे कागदावर आयडिया एकदम पटण्यासारखी होती, दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांनी मंजुरीही दिलेली. मग लोकांचं मतदान झालं. बर्लिनने हो म्हटलं, ब्रांडेनबुर्गने नाही म्हटलं, आणि विषय तिथेच संपला. आजही दोन राज्यं वेगळीच आहेत.

फेडरल म्हणजे संघराज्य आणि युनिटरी म्हणजे एककेंद्री सरकार, यातला फरक समजून घ्यायचा तर माझ्या मते ही दोन उदाहरणं कुठल्याही व्याख्येपेक्षा जास्त कामाची आहेत. आपल्याला शाळेत सांगतात की संघराज्यात अधिकार वाटलेले असतात आणि एककेंद्री देशात ते एका ठिकाणी असतात. हे चूक नाही, पण अर्धवट आहे, आणि या अर्धवटपणामुळेच पुढे चर्चेत सगळा घोळ होतो. अधिकार तर जवळपास सगळेच देश वाटतात, राजधानीत बसून प्रत्येक गावची गटारं कोणी साफ करू शकत नाही. खरा प्रश्न असा की वरच्याने खालच्याला दिलेला अधिकार वरचा एकटा, स्वतःच्या मर्जीने परत घेऊ शकतो का? घेऊ शकत असेल तर देश एककेंद्री, खाली कितीही कामं सोपवलेली असोत. घेऊ शकत नसेल, म्हणजे राज्यघटनेनेच तो खालच्याच्या नावावर केलेला असेल आणि बदलायचा तर दोघांची संमती लागत असेल, तर संघराज्य. भाडेकरू आणि हिस्सेदार यांच्यात जो फरक असतो तोच. भाडेकरू चाळीस वर्षं त्या घरात राहील, रंग लावेल, भिंत पाडेल, पण घर त्याचं नाही.

लंडनचं उदाहरण घ्या. १९८० च्या दशकात लंडन शहराची एक मोठी कौन्सिल होती, ग्रेटर लंडन कौन्सिल, तिच्यावर लेबर पार्टीची सत्ता आणि देशात विरोधी कन्झर्व्हेटिव्ह पार्टीच्या मार्गारेट थॅचर यांचं सरकार. कौन्सिलची इमारत थेम्स नदीच्या एका काठावर, ब्रिटिश संसद जवळपास समोरच्या काठावर. कौन्सिलने आपल्या छतावर भलामोठा बोर्ड लावला, त्यावर लंडनमधल्या बेरोजगारांचा आकडा, म्हणजे संसदेत बसलेल्यांना रोज खिडकीतून दिसावा असा. भांडण वाढत गेलं आणि शेवटी संसदेने कायदा करून १९८६ मध्ये ती कौन्सिलच बंद करून टाकली! एवढ्या मोठ्या शहराला त्यानंतर २००० सालापर्यंत संपूर्ण शहराचं असं निवडून आलेलं सरकार नव्हतं. यात बेकायदेशीर काहीही नव्हतं हे लक्षात घ्या, ब्रिटनमध्ये संसद सर्वोच्च, तिने निर्माण केलेलं ती मोडू शकते.

पण लगेच एककेंद्री म्हणजे हुकूमशाही असं समजू नका, तेही तितकंच चूक आहे. डेन्मार्क एककेंद्री देश आहे आणि तिथे सरकारी खर्चाचा अर्ध्याहून जास्त भाग स्थानिक संस्था करतात, शाळा, वृद्धांची काळजी, सगळं नगरपालिका बघतात, त्यासाठी स्वतःचा इन्कम टॅक्स लावतात. बऱ्याच संघराज्यांतल्या राज्यांना एवढी मोकळीक नसते. तरीही २००७ मध्ये डॅनिश संसदेने कायदा करून जुने जिल्हे रद्द केले आणि नगरपालिका एकत्र करत करत ९८ वर आणल्या, कारण तो अधिकार तिच्याकडे होता. म्हणजे विकेंद्रीकरण ही एक गोष्ट आणि संघराज्य ही दुसरी, आणि बातम्यांमध्ये आणि भाषणांमध्ये या दोन्ही गोष्टी सर्रास एकच म्हणून वापरल्या जातात.

बरं, मग राज्यांचा अधिकार सेफ राहतो कसा? नुसतं घटनेत लिहून भागत नाही. कोणाकडे कुठले विषय याची यादी लागते, भांडण झालं तर निकाल द्यायला स्वतंत्र कोर्ट लागतं, घटना बदलणं अवघड असावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी संसदेचं दुसरं सभागृह असतं जिथे राज्यांचा आवाज पोचतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याला सिनेटमध्ये दोन जागा, मग ते साडेतीन कोटींहून जास्त लोकांचं कॅलिफोर्निया असो की सहा लाखही लोक नसलेलं वायोमिंग. लोकशाहीच्या हिशोबाने हे अन्यायाचं आहे असं बरेच जण म्हणतात, मलाही तसंच वाटतं, पण १७८७ मध्ये छोटी राज्यं याशिवाय आत यायलाच तयार नव्हती.

जर्मनीची पद्धत मला यात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते. तिथल्या दुसऱ्या सभागृहात, बुंडेसराटमध्ये, निवडून आलेले वेगळे खासदार नसतातच, राज्य सरकारांचे मंत्री स्वतः येऊन बसतात. एकूण ६९ मतं, प्रत्येक राज्याला लोकसंख्येप्रमाणे ३ ते ६, आणि एका राज्याची सगळी मतं एकाच बाजूला पडायला हवीत. मार्च २००२ मध्ये स्थलांतरितांबद्दलच्या एका कायद्यावर मतदान चालू होतं, निकाल अगदी काठावर. ब्रांडेनबुर्गमध्ये दोन पक्षांचं आघाडी सरकार होतं, त्यांचा नंबर आला तेव्हा एक मंत्री म्हणाला हो, दुसरा म्हणाला नाही. मग अध्यक्षांनी मुख्यमंत्र्यांना विचारलं, ते हो म्हणाले, आणि अध्यक्षांनी राज्याचं मत 'हो' असं धरून कायदा पास झाल्याचं जाहीर केलं, सभागृहात नुसता आरडाओरडा. प्रकरण घटनात्मक कोर्टात गेलं आणि त्याच डिसेंबरमध्ये कोर्टाने तो कायदाच रद्द केला, कारण राज्याने एकमुखी मत दिलं नव्हतं, आणि मुख्यमंत्र्याचा शब्द त्याच्याच मंत्र्याच्या शब्दापेक्षा तिथे मोठा नाही. एका राज्याच्या चार मतांवरून देशाचा कायदा पडला. संघराज्य चालतं म्हणजे असं चालतं.

संघराज्यं मुळात बनतात कशी हेही बघायला हवं, कारण त्यावर पुढचं बरंच ठरतं. काही ठिकाणी आधीच वेगळी असलेली राज्यं एकत्र येतात. अमेरिकेत १३ राज्यांनी १७८१ मध्ये जी पहिली व्यवस्था उभी केली तिच्यात केंद्र इतकं दुबळं होतं की त्याला टॅक्स लावायचाच अधिकार नव्हता, राज्यांकडे पैसे मागायचे आणि त्यांनी दिले तर घ्यायचे. आयात मालावर छोटासा कर लावू द्या म्हटलं तर त्यासाठी तेराच्या तेरा राज्यांची संमती हवी, आणि एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला की सगळं बारगळलं. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांचं बंड झालं तेव्हा केंद्राकडे ते मोडायला ना पैसा होता ना सैन्य. त्यानंतर लोक फिलाडेल्फियाला जमले आणि आजची घटना लिहिली. म्हणजे अमेरिकेची राज्यघटना ही खरं तर केंद्राला ताकद देण्यासाठी आलेली आहे, हे आज तिचं नाव घेऊन केंद्राला शिव्या घालणारे बरेचदा विसरतात.

दुसरीकडे काही देश असे की देश आधी एक आणि मग तो एक राहावा म्हणून अधिकार वाटलेले. भारत यातला. आपल्या घटनेत केंद्र, राज्य आणि समवर्ती अशा तीन याद्या आहेत, सुप्रीम कोर्ट आहे, राज्यसभा आहे, पण कलम ३ प्रमाणे संसद साध्या बहुमताने एखाद्या राज्याच्या सीमा बदलू शकते, राज्य फोडू शकते. राज्याच्या विधानसभेचं मत मागवावं लागतं, मानावं लागत नाही. २०१४ मध्ये आंध्र प्रदेशच्या विधानसभेने विभाजनाचं विधेयक फेटाळलं होतं, तरी २ जूनला तेलंगणा झालंच. अमेरिकेत दोन्ही विधिमंडळांच्या, म्हणजे राज्याच्या आणि केंद्राच्या, संमतीशिवाय हे शक्यच नाही. तर मघाच्या कसोटीवर भारत कुठे बसतो? विषयांच्या वाटपात संघराज्य, कारण सातव्या परिशिष्टातल्या याद्या बदलायच्या तर संसदेत विशेष बहुमत आणि निम्म्या राज्यांची मंजुरी लागते, पण राज्यांच्या स्वतःच्या अस्तित्वाबाबत नाही. १९४७ ची फाळणी डोळ्यासमोर असताना घटना लिहिली गेली, त्यामुळे ते असं का केलं हे कळतं. आज इतक्या वर्षांनी तेवढी भीती धरायची गरज आहे का, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

आता मुद्दा पैशाचा, आणि इथे जरा थांबू, कारण कागदावरचे अधिकार बरेचदा इथेच गळतात.

अमेरिकेत दारू कोणत्या वयापासून विकायची हे राज्यं ठरवतात, केंद्राचा त्यात थेट हात नाही. तरीही आज सगळ्या ५० राज्यांत वय २१ च आहे. कसं काय? १९८४ मध्ये केंद्राने कायदा केला की ज्या राज्यात २१ पेक्षा कमी वय असेल त्याच्या हायवेच्या अनुदानातला थोडा हिस्सा कापू. बंदी नाही, हुकूम नाही, फक्त पैसे कमी. साउथ डकोटात तेव्हा १९ वर्षांच्या मुलांना हलकी बियर मिळायची, ते राज्य कोर्टात गेलं, १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टात हरलं, आणि १९८८ पर्यंत सगळी राज्यं लाइनीवर आली. निर्णय चांगला की वाईट ते सोडा, वयाची मर्यादा वाढवल्याने अपघात कमी झाले असं मानलं जातं. पण पद्धत बघा. ज्या विषयात केंद्राला सरळ कायदा करता येत नव्हता त्या विषयात त्याने पैशाच्या जोरावर हवं ते करून घेतलं.

नायजेरियात याचं टोक दिसतं. तिथे १९६० मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा तीन मोठे प्रांत होते, आज ३६ राज्यं आहेत. कागदावर पक्कं संघराज्य. पण देशाचा मुख्य पैसा तेलाचा, तो एका केंद्रीय खात्यात जमा होतो आणि दर महिन्याला तिथून राज्यांना वाटला जातो, आणि बहुतेक राज्यांची मिळकत एवढी कमी की त्या महिन्याच्या हप्त्याशिवाय पगारही होणार नाहीत. अशा राज्याचा गव्हर्नर राजधानीशी किती भांडू शकेल? आणि राज्यांची संख्या वाढवत नेली की प्रत्येक राज्य आणखी लहान आणि आणखी परावलंबी होतं, हेही त्यात आलंच.

भारतात जीएसटी कौन्सिलचं, म्हणजे केंद्र आणि राज्यं मिळून जीएसटीबद्दल ठरवतात त्या मंडळाचं, गणित असंच बारकाईने बघण्यासारखं आहे. मतदानात केंद्राचं वजन एक-तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन-तृतीयांश, आणि ठराव पास व्हायला तीन-चतुर्थांश लागतात. म्हणजे सगळी राज्यं एक झाली तरी ६६.७ टक्के, ७५ होत नाहीत, केंद्र नाही म्हणालं की संपलं. केंद्रालाही एकट्याने काही करता येत नाही, त्याला राज्यांपैकी जवळपास दोन-तृतीयांश सोबत घ्यावी लागतात, पण कुठल्याही एका राज्याला व्हेटो नाही आणि केंद्राला आहे. यावर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कौन्सिलच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, तरी प्रत्यक्षात एकटं राज्य वेगळं जाण्याची हिंमत करणं कठीणच. आणि सेस आणि सरचार्ज (नेहमीच्या करांवरचे जादा आकार) या नावाने केंद्र जे गोळा करतं ते राज्यांसोबत वाटायच्या रकमेत येतच नाही, पंधराव्या वित्त आयोगाने ठरवलेला राज्यांचा ४१ टक्के हिस्सा हा उरलेल्या करांवरचा असतो. त्यामुळे कोणी "४१ टक्के देतो की" म्हणालं तर कशाचे ४१ टक्के, एवढं विचारा.

मग यातलं चांगलं कोणतं? याचं एका शब्दात उत्तर देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. बायकांच्या मताधिकाराचंच बघा ना. अमेरिकेच्या पश्चिमेला वायोमिंगने १८६९ मध्येच बायकांना मत दिलं, तेव्हा तो अजून राज्यही नव्हता, नुसता प्रदेश होता, आणि १८९० मध्ये राज्य झाल्यावरही तो हक्क टिकवला. देशभर तो यायला १९२० उजाडलं. पुढे जाणाऱ्याला पुढे जाऊ दिलं की इतरांना बघायला मिळतं की आभाळ काही कोसळत नाही. हेच कॅनडात आरोग्याच्या बाबतीत झालं, सस्कॅचेवान प्रांताने १९६२ मध्ये सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य विमा आणला, डॉक्टर लोक २३ दिवस संपावर गेले, योजना टिकली, आणि चार वर्षांत केंद्राने देशासाठी कायदा केला. एककेंद्री कॅनडात हे राजधानीत कोणी पहिल्या फटक्यात करायला धजलं असतं का, मला शंका आहे.

आता उलटी बाजू. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना केंद्राच्या निवडणुकीत मत मिळालं १९७१ मध्ये, तेच उशिरा, आणि अपेन्झेल इनरऱ्होडेन नावाच्या छोट्याशा कँटनमध्ये, म्हणजे तिथल्या एका राज्यात, स्थानिक मतदान फक्त पुरुषांचंच चालू राहिलं. चौकात जमून हात वर करून मतदान करायची त्यांची पद्धत. एप्रिल १९९० मध्येसुद्धा तिथल्या पुरुषांनी पुन्हा नकार दिला, शेवटी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये देशाच्या कोर्टाने जबरदस्तीने हक्क द्यायला लावला. १९९०! आणि अमेरिकेत "राज्यांचे हक्क" हा शब्द आधी गुलामगिरी वाचवायला आणि नंतर काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेबाहेर ठेवायला वापरला गेला. १९५७ मध्ये आर्कान्सासच्या गव्हर्नरने नऊ काळ्या विद्यार्थ्यांना शाळेत जाऊ न देण्यासाठी राज्याचे सशस्त्र जवान उभे केले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कराच्या तुकड्या पाठवाव्या लागल्या. त्या नऊ मुलांसाठी लांबची राजधानी हाच एक आधार होता, जवळचं सरकार हेच संकट होतं. जवळचं सरकार आपोआप चांगलं असतं असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या शाळेच्या दारात मनाने उभं राहून बघावं.

गैरसोयीचा मुद्दाही आहेच. ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनी आपापली रेल्वे आपापल्या रुंदीची बांधली, न्यू साउथ वेल्सची १४३५ मिलिमीटर, व्हिक्टोरियाची १६००. सिडनीहून मेलबर्नला जाणाऱ्याला सीमेवर ऑल्बरी स्टेशनला सामान घेऊन उतरायचं आणि दुसऱ्या गाडीत बसायचं, रात्री-अपरात्री कधीही. १९०१ मध्ये सगळे एका संघराज्यात आले तरी हे रूळ काही जुळले नाहीत, ते व्हायला १९६२ साल उजाडलं. एकच सरकार असतं तर असं साठ वर्षं चाललं नसतं. एककेंद्री व्यवस्थेचे हे फायदे खरे आहेत, नियम एक, देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात जन्मलेल्या मुलाला हक्क एकच, आणि काही बिघडलं तर दोषी कोण हे लगेच कळतं. संघराज्यात केंद्र राज्याकडे बोट दाखवतं, राज्य केंद्राकडे, आणि सामान्य माणूस मध्ये उभा. पण चूक झाली तर तीही एकदम सगळ्या देशात होते, आणि तुलना करायला शेजारी कोणी वेगळं करून दाखवलेलं नसतं.

माझं मत विचाराल तर देश मोठा असेल, भाषा-धर्म-हवामान वेगवेगळं असेल तर संघराज्य हवंच, फक्त माणसाचे मूलभूत हक्क राज्यांच्या हातात सोडायचे नाहीत आणि पैसा मात्र राज्यांच्या हातात पुरेसा ठेवायचा. लहान, साधारण एकसारख्या देशाला एककेंद्री सरकार पुरतं, डेन्मार्कसारखं मन मोठं असेल तर छानच चालतं.

आणि कागदावर विश्वास जपून ठेवा. सोव्हिएत युनियनच्या १९७७ च्या घटनेत प्रत्येक प्रजासत्ताकाला बाहेर पडायचा हक्क चक्क लिहून दिलेला होता, कलम ७२. पण सगळं ठरवायची एकच पार्टी मॉस्कोतून, त्यामुळे तो हक्क वापरणं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. पार्टीची पकड सुटली तेव्हा १९९१ मध्ये त्याच कागदी सीमांवरून १५ देश वेगळे झाले. जर्मनीत उलटं, नाझींनी सत्तेत आल्यावर बरोबर एका वर्षात, ३० जानेवारी १९३४ ला कायदा करून राज्यांचे अधिकार संपवले. म्हणून युद्धानंतर १९४९ च्या घटनेत जर्मनांनी असं कलमच घातलं की देश राज्यांत विभागलेला असणं ही गोष्ट घटनादुरुस्तीनेही काढता येणार नाही, बहुमत कितीही असो.

काही देश या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी सरकत असतात. ब्रिटनने १९९९ मध्ये स्कॉटलंडला संसद दिली, २०१६ च्या कायद्यात ती कायमची आहे असंही लिहिलं, पण तो कायदाही शेवटी लंडनचाच, आणि जानेवारी २०२३ मध्ये लंडनने स्कॉटिश संसदेने मंजूर केलेलं एक विधेयक पहिल्यांदाच अडवून धरलं. बेल्जियम याच्या उलट दिशेने खूप पुढे गेला. १८३० पासून एककेंद्री असलेला देश, डच बोलणारे आणि फ्रेंच बोलणारे यांच्या भांडणात १९७० पासून एकामागून एक घटनादुरुस्त्या करत १९९३ मध्ये अधिकृत संघराज्य झाला. परदेशांशी होणाऱ्या काही करारांनाही तिथल्या प्रादेशिक सरकारांची संमती लागते. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपियन युनियन आणि कॅनडाचा मोठा व्यापार करार सहीसाठी तयार होता, बाकी सगळे देश राजी, आणि बेल्जियमला सही करता येईना, कारण वालोनी या साधारण ३६ लाख लोकांच्या प्रदेशाच्या संसदेने नाही म्हटलं होतं. त्यांना शेतकऱ्यांची काळजी होती आणि कंपन्यांना सरकारांवर दावे करता येतील याची भीती होती. कॅनडाचे पंतप्रधान सहीसाठी येणार होते ती शिखर बैठक पुढे ढकलावी लागली, वालोनीला हवे ते खुलासे लेखी जोडले गेले, मग ३० ऑक्टोबरला सह्या झाल्या. तेव्हा बऱ्याच जणांनी हा आडमुठेपणा म्हणून वालोनीवर टीका केली. मला तसं वाटत नाही, एवढ्या मोठ्या करारातली ती कलमं त्या प्रदेशाने नीट वाचली होती आणि थांबवायचा अधिकार त्याच्याकडे होता, म्हणूनच ते लेखी खुलासे त्याला जोडले गेले.